एका पगारात कसं भागतं?

"तुमचं एका पगारात कसं भागतं हो?" हळदीकुंकवाला, शाळेच्या फाटकाशी, सोसायटीच्या जिन्यात मला हे इतक्या जणींनी विचारलंय, की एकदा नीट लिहूनच काढते. आम्ही नाशिकला राहतो. नवरा सातपूरच्या एमआयडीसीत नोकरीला, हातात येतात 38,000 रुपये. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. फ्लॅट सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला, त्यामुळे भाडं नाही की हप्ता नाही. हे आधीच सांगते, कारण ज्यांना आहे त्यांचं गणित माझ्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

सुरुवातीची काही वर्षं मी महिन्याचा हिशेब अगदी पैन् पै लिहायची. दूध, किराणा, गॅस, वीज, भाजी, सगळं वहीत. तरी जून आला की भावाकडे हात पसरायचा आणि दिवाळीला दुकानदाराची उधारी. दर वेळी आम्ही म्हणायचो, हा महिना जरा जड गेला.

सासूबाई निफाडकडच्या. त्यांच्या माहेरी नवी तूर आली की डाळ भरायची, मार्च-एप्रिलात गहू, मग मिरची आणून वर्षाचा मसाला. कांदा उन्हाळ घ्यायचा, कारण तोच टिकतो. पावसाळा सरता सरता चाळीतला कांदा संपत येतो, नवा आलेला नसतो आणि भाव चढतो. आजही आमच्याकडे दोन क्विंटल गहू त्या स्वतः उन्हं देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरतात. एका जूनमध्ये मी वही पुढ्यात घेऊन रडवेली बसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, शाळा काय यंदाच उघडली का? गव्हाची बेगमी करतेस, मग फीची का नाही करत?"

त्या रात्री आम्ही दोघांनी महिन्याचा हिशेब बाजूला ठेवला आणि वर्षाचा मांडला. शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तकं 26,000. आरोग्य विमा 18,500, नवऱ्याचा मुदत विमा 9,500. गहू, डाळ, मसाला 17,000. गणपती आणि दिवाळी मिळून 15,000. घरपट्टी-पाणीपट्टी 4,000, गाडीचा विमा आणि दुरुस्ती 4,000, लग्नाकार्याचे आहेर आणि गावी जाणं-येणं 8,000. बेरीज झाली 1,02,000. बारांनी भागलं तर महिन्याला 8,500. यातला एकही खर्च अचानक आलेला नव्हता. प्रत्येकाचा महिना ठरलेला, रक्कमही साधारण माहीत. आमचा पगार 38,000 नव्हताच, तो 29,500 होता. उरलेले 8,500 पुढच्या कुठल्या तरी महिन्याचे होते आणि आम्ही ते खाऊन बसत होतो.

आता पगार झाला की त्याच दिवशी 8,500 वेगळ्या बचत खात्यात जातात. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलंच नाही. आम्ही त्याला 'कोठी' म्हणतो. मुलंसुद्धा विचारतात, "सहलीचे पैसे कोठीतून का?"

पहिलं वर्ष मात्र कठीण जातं, हे कुणी सांगत नाही. नोव्हेंबरात सुरुवात केली तर जूनपर्यंत आठच हप्ते जमतात, आणि मधे विमा, गहू येऊन गेलेले असतात. आम्ही त्या वर्षीचा दिवाळी बोनस अख्खाच्या अख्खा कोठीत टाकला. नवे कपडे फक्त मुलांना घेतले. वाईट वाटलं, पण जूनमध्ये भावाला फोन करावा लागला नाही, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

पैसे कुठे ठेवावेत याबद्दल मी कळवळून सांगते, कारण आम्ही पोळलोय. दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून सासऱ्यांचे 40,000 रुपये एका पतसंस्थेत होते. ते अडकले, आणि हप्त्याहप्त्याने सुटायला तीन वर्षं लागली. तेव्हा समजलं, की बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, विम्याचं संरक्षण असतं. 2020 पासून ते एका बँकेत माणशी 5 लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पाटीवर 'सहकारी' दिसलं की आपल्याला दोन्ही सारखंच वाटतं.

मुलीचं सुकन्या खातं, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेतलं, ती चार वर्षांची असताना उघडलं, दहाच्या आत उघडावं लागतं. त्यात मी 5 तारखेच्या आत भरते, कारण 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरतात. 6 तारखेला भरलं तर त्या पैशावरचं त्या महिन्याचं व्याज गेलं.

आमच्या खालच्या मजल्यावरची वहिनी मला म्हणाली होती, "तुमचा पगार तरी बांधलेला, आमच्या ह्यांची रिक्षा. रोजचं रोज." तिचं खरं होतं. मग आम्ही दोघींनी तिच्या घराचं वर्ष मांडलं. फी, रिक्षाचा विमा, पासिंग, आणि पावसाळ्यात धंदा बसतो ते दिवस. तिने रोजची 200 रुपयांची पिग्मी, म्हणजे दररोज थोडे थोडे भरायची ठेव, सुरू केली. ती बँकेचीच आहे ना, पतसंस्थेची नाही ना, हे मी दोनदा विचारून घेतलं. परवा ती जिन्यात भेटली. दरवर्षी फीसाठी सोनाराकडे जाणाऱ्या पाटल्या या जूनमध्ये तिच्या हातात होत्या.