मुंबई ते लंडन: अडॅप्टर, पॉवर बँक आणि एअरपोर्टवरची खरेदी

मागच्या महिन्यात आईला घेऊन भावाकडे लंडनला जाऊन आलो. निघायच्या गडबडीत पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) अडॅप्टर आणायचा राहिला, म्हटलं एअरपोर्टवर घेऊ, आणि तिथेच फसलो.

आधी मुंबई एअरपोर्टच्या टर्मिनल टी-२ ला सिक्युरिटीत पॉवर बँक गेली. जुनी होती, छपाई घासलेली, जवानाने उजेडात धरून दोनदा फिरवून बघितली, शेवटचे दोन शून्य तेवढे दिसत होते, मग बाजूला ठेवली ती ठेवलीच. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही हे माहीत असतं, पण तिच्यावरचा आकडा वाचता यायला हवा हे लक्षातच येत नाही. बॅटरीची क्षमता १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर सहसा वेगळी परवानगी लागत नाही, २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते. एअरलाइनचा नियमही बघून जा, एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच आणि तीही विमानात वापरायची नाही असं केलंय.

मग आत दुकानात 'युनिव्हर्सल' अडॅप्टर घेतला, पंधराशेला, पाकीट उघडून बघू देत नव्हते. भावाकडे पोचल्यावर लॅपटॉप लावायला गेलो तर आपली गोल थ्री-पिन त्यात शिरेचना, आत फक्त टू-पिनची सोय, अर्थिंग नाहीच! भावाने ड्रॉवरमधून जुन्या लॅपटॉपची चौकोनी पिनांची वायर काढली आणि ती आमच्या चार्जरच्या ठोकळ्यात फिट्ट बसली. ठोकळ्यावर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर नुसती वायर बदलून भागतं, पण अडॅप्टर लागणारच असेल तर तो घरूनच घ्या आणि स्वतःचा प्लग लावून बघूनच घ्या. दुबईलाही हेच चौकोनी सॉकेट आहे, जर्मनी-फ्रान्सला मात्र मोबाईलचा आपला टू-पिन चार्जर तसाच चालतो.

येताना हीथ्रोवर हेडफोन स्वस्त पडतील असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. पण जानेवारी २०२१ पासून तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सवरची करमाफी बंद झालीय, किंमत २०% व्हॅट धरूनच असते, दारू-सिगरेटचं तेवढं वेगळं. घ्यायचं असेल तर लंडन शहरातल्या दुकानात भाव बघून घ्या, शेवटच्या तासाला नको.

एक गोष्ट मात्र एअरपोर्टवर घेतलेली बरी, वायरवाले साधे इयरफोन. जाताना आईचे ब्लूटूथवाले सीटच्या स्क्रीनला जोडलेच गेले नाहीत आणि विमानात मिळालेल्याचा एक कान बंद. परतीला आठवणीने घेतले, आई मुंबई येईपर्यंत पिक्चर बघत होती.