दहा लिटरची कढई

छत्रपती संभाजीनगरातील एका मिठाईच्या दुकानात मी अकरा वर्षे खरेदी पाहतो. मागच्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी एका व्यापाऱ्याने 165 रुपये किलोने, दुकानपोच, शंभर किलो खवा देऊ केला. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशी भागातून आम्ही घेत असलेला खवा तेव्हा 240 रुपयांना पडत होता. आयोडिनचा थेंब टाकूनही नमुना निळा झाला नाही, म्हणून मालक खूश होते. तो थेंब फक्त पिष्ट पकडतो, वनस्पती तुपाचे त्याला काहीच कळत नाही, हे मी सांगितले; पण साडेसात हजारांचा फरक डोळ्यांसमोर होता. शेवटी ते म्हणाले, "आपण जास्त का मोजतो, ते एकदा पाहून या."

दुसऱ्या दिवशी बीड ओलांडून धुळे-सोलापूर महामार्गाने मी आमच्या नेहमीच्या भट्टीवर गेलो. कुंथलगिरीच्या नावाने इथल्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भट्टीवाल्या काकांना मी सांगितले, की आज माल न्यायला नाही, हिशेब मांडायला आलो आहे. त्यांनी हसून गायीचे दहा लिटर दूध माझ्यासमोर मोजून कढईत ओतले. दर 34 रुपये, म्हणजे 340 रुपयांचे दूध.

पाऊण तास लोखंडी उलथणे थांबले नाही. कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा मध्ये लोटायची, तळाला काही लागू द्यायचे नाही, आणि दूध दाटू लागताच लाकडे ओढून जाळ मंद करायचा, हे सारे काका माझ्याशी बोलत करत होते. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र ते एक शब्दही बोलले नाहीत. गोळ्याने कढई सोडली, तेव्हा काट्यावर दोन किलोला वीस ग्रॅम कमी भरले. "पाणी तेवढं उडून गेलं," ते म्हणाले, "दुधाचे पैसे कुठं उडून जात्यात?"

वहीत लाकडाचे 40 आणि मजुरीचे 50 रुपये मिळवले. भट्टीवरच किलोला 217 रुपये झाले. बर्फ आणि टेम्पो धरला की आमचा दर येतो. काकांच्या वाट्याला त्यातून काय उरते, हे विचारायचे माझे धाडस झाले नाही. नुसत्या दुधाचेच किलोमागे पावणेदोनशेच्या आसपास जात असताना 165 रुपयांत पोच मिळणाऱ्या मालात दूध किती असेल, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. खव्याच्या कोरड्या भागात किमान 30 टक्के दुधाची स्निग्धता असावी, असा नियम आहे. साय काढलेल्या दुधाची भुकटी, वनस्पती तूप आणि साखर यांचा गोळा स्वस्त पडतो. तो तसा सांगून विकला तर माझी तक्रार नाही, पण बिलावर 'खवा' लिहिलेले असते.

रात्री मालकांनी वही दोनदा वाचली आणि व्यापाऱ्याला फोनवर नकार कळवला. मात्र भूमकडची मागणीही त्यांनी शंभरावरून साठ किलोवर आणली, पेढ्याच्या किलोमागे 40 रुपये वाढवले आणि काउंटरवरचे पेढ्याचे दोन ट्रे उचलून तिथे बेसनाचे लाडू लावायला सांगितले.