गोष्ट कुठून सुरू करायची?

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत हमखास गुण मिळवून देणारी काही वाक्ये असतात. 'सदर साधन एकांगी असल्याने ते सावधगिरीने वापरावे लागते' हे त्यांपैकी एक. साधन म्हणजे प्रवासवर्णन असो, दरबारी चरित्र असो की विजयाचा शिलालेख असो, उत्तराच्या शेवटी हे वाक्य टाकले की परीक्षकाचे समाधान होते आणि लिहिणाऱ्यालाही आपण बरेच चिकित्सक असल्यासारखे वाटते. पूर्वग्रह हे जुन्या लेखकांना जडलेले दुखणे आहे आणि वाचणारे आपण त्यातून केव्हाच बरे झालो आहोत, असे हे वाक्य न बोलता सुचवत असते. पदवीपर्यंत माझेही काम त्यावर भागले. पुढे एका घटनेवर कथनात्मक निबंध स्वतः लिहिण्याची वेळ आली, तेव्हा मात्र हे वाक्य कुठेच उपयोगी पडेना, कारण आता तपासायचे साधन माझ्याच हातून तयार होत होते.

वर्गात शिकवली जाणारी पूर्वग्रहाची उदाहरणे सहसा ढळढळीत असतात. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याने इसवी सनापूर्वी १२७४च्या सुमारास कादेश येथे हित्ती सैन्याशी लढाई केली आणि त्या लढाईची वर्णने कर्नाक, लक्सर, अबू सिम्बेल अशा अनेक ठिकाणी मंदिरांच्या भिंतींवर कोरून घेतली. त्या वर्णनांत सैन्य पळून जाते आणि राजा एकटाच शत्रूच्या रथांचा धुव्वा उडवतो. कादेश मात्र लढाईनंतरही हित्तींकडेच राहिले आणि सुमारे पंधरा वर्षांनी दोन्ही राज्यांना तह करावा लागला. पुढे हित्तींच्या राजधानीच्या उत्खननात मातीच्या पाट्यांचा संग्रह सापडला, तेव्हा दुसरी बाजूही वाचता आली. अशा उदाहरणांनी विद्यार्थ्याचे मनोरंजन होते, पण शिक्षण फारसे होत नाही. राजा स्वतःची बढाई मारणार हे कळायला इतिहासाचा अभ्यास लागत नाही.

त्याहून अवघड प्रकरण कल्हणाचे आहे. बाराव्या शतकाच्या मध्याला, ११४८ ते ११५० या काळात, त्याने 'राजतरंगिणी' हा काश्मीरच्या राजांचा इतिहास संस्कृत श्लोकांत लिहिला आणि आरंभीच सांगून टाकले की, गतकाळ सांगताना ज्याची वाणी न्यायाधीशाप्रमाणे राग आणि लोभ यांच्यापासून मुक्त असते, तोच प्रशंसेला पात्र होय. यापेक्षा स्वच्छ प्रतिज्ञा आधुनिक इतिहासकारालाही करता येणार नाही. कल्हणाने जुने ग्रंथ, शिलालेख, दानपत्रे पाहिली होती आणि त्याचा तो स्पष्ट उल्लेखही करतो. तरीही तिसऱ्या तरंगातील, म्हणजे प्रकरणातील, रणादित्य राजा त्याच्या लेखी तीनशे वर्षे राज्य करतो, हा भाग क्षणभर बाजूला ठेवू. परंपरेने हाती दिलेली यादी जुळवताना माणसाची अशी अडचण होते. मला त्याच्या ग्रंथाची बांधणी अधिक बोलकी वाटते. एकूण आठ तरंगांपैकी शेवटचा एकटा तरंग जवळजवळ निम्म्या ग्रंथाएवढा आहे आणि त्यात कल्हणाच्या स्वतःच्या काळाचा, त्याच्या लगतच्या पिढीचा वृत्तांत आहे. त्याचे वडील चंपक हे काश्मीरच्या हर्ष राजाचे मंत्री होते, म्हणजे दरबारातील उलथापालथी त्याच्या घरापर्यंत पोहोचलेल्या होत्या. जवळचे मोठे दिसते आणि दूरचे लहान, हा दृष्टीचा नियम त्याच्या श्लोकसंख्येत उतरला आहे. एकही श्लोक खोटा नसला तरी किती श्लोक कुणाच्या वाट्याला आले, यातून लेखकाचा कल दिसतोच. पानांची वाटणी हाही एक निवाडा असतो, आणि तो देताना न्यायाधीशाला आपण निवाडा देत आहोत हे जाणवत नाही.

मग असे वाटू लागते की सारा दोष गोष्ट सांगण्याचाच असावा. सन आणि घटना एवढेच लिहावे, विशेषणे गाळावीत, कारणपरंपरा जोडू नये, म्हणजे पूर्वग्रहाला शिरायला वाव राहणार नाही. अशी नोंदवही उपलब्ध आहे. आजच्या स्वित्झर्लंडमधील सेंट गालच्या मठाशी निगडित लॅटिन वार्षिक नोंदींमध्ये आठव्या शतकातील वर्षे एकाखाली एक लिहिलेली आहेत. ७०९ साली कडक हिवाळा पडला आणि ड्यूक गॉटफ्रीड मरण पावला. ७१० हे वर्ष कठीण गेले, पीक कमी आले. ७११ समोर काहीच नाही. ७१२ साली सगळीकडे पूर आला. ७३२ समोर एवढेच लिहिले आहे की, चार्ल्सने शनिवारी प्वातिए येथे सारासेनांशी लढाई केली. फ्रँकांचा सेनानी चार्ल्स मार्टेल आणि मुस्लिम फौज यांच्यातील ज्या लढाईवर युरोपच्या इतिहासात पुढे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, तिच्यात कोण जिंकले हे सांगण्याची गरज नोंद करणाऱ्याला वाटली नाही. वार कोणता होता हे मात्र त्याला सांगावेसे वाटले.

या नोंदी मी फार आवडीने वाचल्या. त्यांत कुणाची बाजू घेतलेली नाही, आणि त्यांतून काही समजतही नाही. पूर आणि लढाई शेजारी शेजारी बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आणि तेवढ्यातही निवड सुटलेली नाही. ड्यूक मेला तर त्याचे नाव येते. पीक कमी आल्यामुळे जे मेले असतील, त्यांचे वर्ष फक्त 'कठीण' ठरते. रिकाम्या ओळींच्या वर्षांतही माणसे जन्मली असणार, भांडली असणार, कर भरून मेटाकुटीला आली असणार. कथन टाळल्याने पूर्वग्रह टळला नाही, फक्त तो पकडायला अवघड झाला, असे माझे मत बनले आणि मी निमूटपणे निबंधाकडे वळले.

निबंधाचा विषय कलकत्त्याची अंधारकोठडी हा होता. २० जून १७५६ रोजी बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्या फौजेने ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट विल्यम किल्ला घेतला आणि त्या रात्री पकडलेल्या लोकांना किल्ल्यातील एका कोठडीत कोंडण्यात आले. गज लावलेल्या दोन लहान खिडक्या, जून महिन्याची रात्र आणि आत दाटीवाटीने उभी माणसे. सकाळपर्यंत त्यांतली बरीच मेली. एवढ्यावर कुणाचा फारसा वाद नाही. निबंधाचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी मात्र ठरवावे लागते की ही गोष्ट कधी सुरू झाली.

ती त्या रात्री सुरू झाली असे धरले, तर कोंडणारे आणि कोंडलेले एवढेच दोन पक्ष उरतात आणि वाचकाची सहानुभूती कुठे जाणार हे पहिल्या परिच्छेदातच ठरून जाते. काही महिने मागे गेलो, तर कंपनी नवाबाच्या परवानगीवाचून किल्ल्याची तटबंदी वाढवते आहे, व्यापारी दस्तकांचा, म्हणजे जकातमाफीच्या परवान्यांचा, गैरवापर होतो आहे, नवाबाला हवा असलेला, एका बंगाली अधिकाऱ्याचा मुलगा कृष्णदास कंपनीच्या आश्रयाला आहे, आणि मग किल्ल्यावर चालून येणारी फौज राज्यकर्त्याच्या अधिकाराची बाब वाटू लागते. गोष्ट पुढे नेली, तर जानेवारी १७५७ मध्ये इंग्रज कलकत्ता परत घेतात, २३ जूनला प्लासीची लढाई होते, आणि कोठडीतील मृत्यू त्या लढाईची प्रस्तावना होऊन बसतात. १८४० साली मेकॉलेने क्लाइव्हवरील निबंधात नेमके हेच केले. त्याने त्या रात्रीला महान अपराध म्हटले आणि त्याच दमात त्याच्यामागून आलेल्या भयंकर शिक्षेचा उल्लेख केला. अपराध आणि शिक्षा अशी जोडी लावली की मधला सगळा काळ, त्यातील कारस्थाने, मीर जाफरशी झालेला सौदा, शेटसावकारांचे हिशेब, हे सारे न्यायाच्या वाटेवरचे किरकोळ मुक्काम ठरतात. यांपैकी कोणत्याही मांडणीत खोटा तपशील घालावा लागत नाही. आरंभ आणि शेवट यांच्या खुणा फक्त सरकवाव्या लागतात.

आकड्यांचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे. या रात्रीचा सर्वांत प्रसिद्ध वृत्तांत जॉन झेफानिया हॉलवेल याचा आहे, जो स्वतः कोठडीतून वाचला आणि ज्याचे लेखन १७५८ साली प्रसिद्ध झाले. गव्हर्नर ड्रेक आदल्या दिवशीच जहाजावर निघून गेला असल्यामुळे शेवटी किल्ल्याची धुरा हॉलवेलवरच आली होती, म्हणजे पराभवाचा हिशेब द्यायची पाळीही त्याच्यावर होती. त्याने १४६ जण कोंडले गेले आणि २३ वाचले असे लिहिले. कोठडी सुमारे १८ फूट लांब आणि १४-१५ फूट रुंद होती असे पुढच्या मोजणीत दिसते. भागाकार केला तर माणशी दोन चौरस फूटही जागा येत नाही. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनी या आकड्यावर शंका घेतली आणि १९५९ साली ब्रिजेन गुप्ता यांनी साधनांची छाननी करून ६४ कोंडले गेले व २१ वाचले असा अंदाज मांडला. त्रेचाळीस माणसांचे गुदमरून मरणे काही कमी भयंकर नाही. परंतु प्रतिशोधाच्या कथेला मोठा आकडा हवा होता आणि तो तिला आयता मिळाला. उलट बाजूची गंमत अशी की, त्याच शतकात फारसीत बंगालचा सविस्तर इतिहास लिहिणाऱ्या गुलाम हुसेन खानाच्या ग्रंथात या कोठडीचा उल्लेखच नाही. एकाचा आकडा फुगलेला आणि दुसऱ्याचे मौन. दोन्ही साधनेच आहेत, आणि मौनाला तळटीप कशी द्यायची हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सांगितलेले नसते.

माझ्या निबंधाचे एक वाक्य मी अनेकदा बदलले. 'सिराजउद्दौलाने कैद्यांना कोठडीत कोंडले' असे लिहिले की कर्ता ठळक होतो, वाक्य चालते आणि पुढचा परिच्छेदही आपोआप सुचतो. 'कैद्यांना कोठडीत कोंडण्यात आले' असे लिहिले की भाषा संयमी आणि विद्वत्तापूर्ण वाटते, पण कोंडणारा माणूस वाक्यातून निसटतो. हॉलवेल स्वतः काय म्हणतो हे पाहायला गेले, तर तो सांगतो की नवाबाचा हुकूम कैद्यांना त्या रात्री बंदोबस्तात ठेवावे एवढाच सर्वसाधारण असावा आणि बाकीचे खालच्या जमादारांनी आपल्या साथीदारांच्या मृत्यूचा राग काढण्यासाठी केले असावे. म्हणजे ज्याच्या वृत्तांतावर सगळी कथा उभी आहे, तो पीडित साक्षीदारच नवाबाला काही अंशी मोकळे करतो, आणि ज्यांनी ती रात्र पाहिलेली नाही ते नंतरचे सांगणारे त्याला पुन्हा आणून उभे करतात. जमादार हा गोष्टीत फार काळ टिकत नाही. त्याला नाव नाही, चेहरा नाही, आणि साम्राज्य उभारायला तो पुरेसा मोठा शत्रूही नाही. शेवटी मी वाक्याचे तुकडे केले आणि हुकूम कुणाचा, अंमल कुणाचा व ही माहिती कुणाची, हे वेगवेगळे लिहिले. वाक्य बेढब झाले. ते तसेच ठेवले.

असा बेढबपणा पत्करणारे पूर्वीही होऊन गेले आहेत. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस आपल्या ग्रंथातील भाषणांबद्दल मोकळेपणाने सांगतो की, प्रत्येक भाषण शब्दशः लक्षात राहणे अवघड असल्यामुळे प्रत्यक्ष बोलल्याचा एकूण आशय शक्य तेवढा धरून त्या त्या प्रसंगी जे बोलणे योग्य ठरले असते, ते आपण वक्त्यांच्या तोंडी घातले आहे. पेरिक्लीसचे सुप्रसिद्ध भाषण आपण वाचतो ते अशा कबुलीसह. क्लेऑन या पुढाऱ्याविषयीचा त्याचा राग काही लपत नाही, सेनापती असताना अँफिपोलिस हे शहर वाचवता न आल्याने वीस वर्षे हद्दपारीत काढल्याचेही तोच सांगतो. वाचकाच्या हाती त्याने निदान मोजपट्टी दिली आहे.

आपल्याकडे ही मोजपट्टी वि. का. राजवाड्यांनी वेगळ्या रीतीने दिली. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. बखरींच्या रसाळ पण वर्षांचा घोळ घालणाऱ्या कथनापेक्षा अस्सल कागद महत्त्वाचा, हा त्यांचा आग्रह सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या प्रस्तावना वाचाव्यात! इतकी ठाम, इतकी भांडकुदळ, इतकी आवडीनिवडींनी भरलेली पाने क्वचितच आढळतील. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतली अनेक मते खोडून काढली, आणि ती खोडायला लागणारी पत्रे बऱ्याचदा राजवाड्यांनीच छापून ठेवलेली होती. आपल्या मताच्या विरुद्ध साक्ष देऊ शकणारा कागद ज्याने स्वतःच जपून ठेवला, त्याच्या पूर्वग्रहाचा मला फारसा राग येत नाही. बखरकाराशी मात्र भांडताच येत नाही, कारण त्याने आपल्यामागे काहीच उघडे सोडलेले नसते.

निबंधाचा मसुदा मार्गदर्शक शिक्षकांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, ''कथन वाहते राहत नाही, मधूनमधून अडखळते.'' मी त्यांना सांगितले की तेथे साधने एकमेकांशी भांडत आहेत आणि मी त्यांच्यात समेट घडवलेला नाही. त्यांनी चष्मा काढून तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि शब्दमर्यादेकडे बोट दाखवले. मर्यादेत बसवायचे तर तटबंदीचा वाद तरी जायला हवा होता, जमादार तरी किंवा गुलाम हुसेन खानाचे मौन तरी. आणि यांपैकी काहीही गाळले की निबंध कुणाच्या तरी बाजूला कलणार होता. तळटीपांचे शब्द एकूण शब्दसंख्येत धरत नाहीत, असे नियमावलीत लिहिलेले आढळले. जमादाराला मी मजकुरातच राहू दिले, तटबंदीचा वाद दोन वाक्यांत आवरला, आणि मौन तळटिपेत घातले. ती तळटीप सध्या पानाच्या एक तृतीयांश भागावर पसरली आहे आणि शिक्षकांनी तिच्याविषयी अद्याप काही म्हटलेले नाही.