पोचलो की फोन करतो

ठाण्याहून वाशीला कामावर जाताना लोकलमध्ये जो अर्धा तास मिळतो, त्यात मी गेले वर्षभर स्पॅनिश शिकतो आहे. पन्नाशीनंतर हा उपद्व्याप कशासाठी, असे घरचे विचारतात आणि त्यांना पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्थानके मागे पडत असताना वर्तमानकाळ झाला, भूतकाळही कसाबसा पदरात पडला. घोडे अडले ते 'सुब्हुन्तीबो' नावाच्या क्रियापदाच्या रूपापाशी.

त्याची रूपे करणे फारसे अवघड नाही. 'आब्ला' म्हणजे बोलतो, त्याचे 'आब्ले' करायचे. 'कोमे' म्हणजे खातो, त्याचे 'कोमा' करायचे. स्वरांची अशी अदलाबदल केली की बरेचसे काम भागते. ती वापरायची कधी, हे मात्र कळेना. पुस्तक इंग्रजीतले, आणि इंग्रजीत या रूपाचे जेमतेम अवशेष उरलेले. त्यामुळे इच्छा, शंका, भावना अशा याद्या घोकायला लावण्यापलीकडे त्या बिचाऱ्या पुस्तकाला काही सुचत नव्हते.

एका सकाळी दोन वाक्ये शेजारी शेजारी दिसली. 'दीसे के ब्येने' म्हणजे 'तो येतो म्हणतो'. 'दीसे के बेंगा' म्हणजे 'तिने यावे, असे तो म्हणतो'. म्हणणे तेच, पण पहिली बातमी आणि दुसरा हुकूम. तुर्भे येईपर्यंत मी त्या 'बेंगा'कडे पाहत होतो. हा तर शाळेतला विध्यर्थ! 'तो येईल असे वाटते' ही अटकळ आणि 'तो यावा असे वाटते' ही ओढ, हा फरक करायला आपल्याला कोणी यादी दिली नव्हती. स्पॅनिशने अरबीतून घेतलेला 'ओहाला' हा शब्दही मग ओळखीचा वाटू लागला. त्याच्या मुळाशी अल्लाची इच्छा आहे आणि त्याच्यामागून हेच रूप येते, जसे आपल्याकडे 'देव करो' म्हटल्यावर 'तसेच होवो' येते.

अर्थात सगळेच असे जुळत नाही. पोचणे अजून व्हायचे असेल तर 'क्वांदो येगे' म्हणताना जोर 'ये'वर द्यायचा. 'मी पोचलो तेव्हा' म्हणायचे असेल तर अक्षरे तीच, पण जोर 'गे'वर. मी तो नेमका उलटा दिला आणि व्हिडिओ कॉलवरच्या शिक्षिकेला, उद्या घरी पोचल्यावर गृहपाठ पाठवतो असे सांगण्याऐवजी, काल पोचलो तेव्हा पाठवतो, असे काहीतरी सांगून बसलो. एवढ्याशा जोरावर काळ बदलणारी ही भाषा मला त्या दिवशी फार काटेकोर वाटली.

त्याच संध्याकाळी परतताना गाडी ऐरोलीच्या अलीकडे थांबून राहिली, म्हणून घरी फोन लावला आणि सवयीने म्हणालो, "ठाण्याला पोचलो की फोन करतो." पोचायला बराच अवकाश असताना मी बिनदिक्कत भूतकाळ वापरला होता, आणि शिक्षिकेला हे कसे समजावून सांगावे या विचारात पडलो होतो.

"अहो, मग आत्ता केलात तो काय?" पलीकडून विचारणा झाली.