एमडी-पीएचडीसाठी दुसऱ्यांदा अर्ज करताना

२०२२ च्या मार्चपर्यंत मला अठरा नकार आले होते. मुलाखतीचं बोलावणं एकही नाही. अमेरिकेत डॉक्टरकी आणि संशोधन एकत्र शिकवणारा एमडी-पीएचडीचा अभ्यासक्रम साधारण ८ वर्षांचा असतो. बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन, त्यामुळे जागा मोजक्या. हे ठाऊक असूनही महिनाभर मी कुणाशी धड बोलले नाही.

मग जिथून नकार आले तिथं ईमेल केले, अर्ज कुठं कमी पडला असं विचारलं. एका ठिकाणच्या बाईंनी फोनवर दहा मिनिटं दिली. एमसीएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण पुरेसे होते, म्हणाल्या. "पण तुम्ही हातानं काय केलंत तेवढंच निबंधात दिसतं. डोक्यात काय चाललं होतं?"

नेहमीच्या निबंधाखेरीज इथं दोन जास्तीचे असतात: हा दुहेरी मार्गच का, ३,००० अक्षरांत आणि संशोधनाचा अनुभव, १०,००० अक्षरांत. त्या दहा हजारांत मी पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट अशी प्रयोगशाळेतल्या कामांची जंत्री दिली होती. अर्जही सप्टेंबरात, मुदतीच्या तोंडावर. शिवाय जिथं जिथं संशोधन केलं त्या प्रत्येक मार्गदर्शकाचं पत्र लागतं, आणि एका उन्हाळ्यापुरत्या लॅबचं पत्र मी मागितलंच नव्हतं. न आलेलं पत्र वाचणाऱ्याला खटकतं.

लगेच जूनमध्ये पुन्हा अर्ज भरावा असं फार वाटत होतं. भरला नाही. तीन महिन्यांत मी बदलणार तरी किती?

क्षयरोगावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला जवळजवळ अख्खा दिवस घेतो. प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, त्यांच्या वसाहती दिसायला तीन-चार आठवडे. औषध टाकलं की बहुतेक जंतू लवकर मरतात, मूठभर तग धरतात. हे उरलेले पुन्हा वाढवले आणि तेच औषध टाकलं, की पुन्हा बहुतेक मरतात. म्हणजे औषध त्यांच्यावर चालतं, ते फक्त दबा धरून बसलेले असतात. सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आणि मला मिरजेचे काका आठवले. खोकला थांबला म्हणून दुसऱ्याच महिन्यात त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. वर्षभरात आजार उलटला. पहिल्या अर्जात मी त्यांचा उल्लेखही केला नव्हता, घरातली गोष्ट अर्जात कशाला, म्हणून. आता दोन्ही निबंध तिथूनच सुरू झाले: माणसाला बरं वाटतं तेव्हा जंतू काय करत असतात?

२०२३ च्या जूनमध्ये अर्ज भरला. त्या उन्हाळ्याच्या लॅबमधल्या सरांना भेटायला गेले, संकोचानं. त्यांनी पत्र लगेच दिलं. मुलाखती पाच आल्या, आणि नुसतं एमडी करूनही संशोधन करता येतं की, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी आला. दोन वर्षांपूर्वी मी गडबडले असते. आता माझ्याकडे काका होते आणि प्लेटा होत्या.

(भारतातून विचारणाऱ्यांसाठी: एमएसटीपी या एमडी-पीएचडीसाठीच्या अमेरिकी सरकारी योजनेचा निधी तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी परदेशी विद्यार्थी घेतात का, हे प्रत्येक कॉलेजला आधी विचारावं.)

फेब्रुवारीत प्रवेश मिळाला. काकांना फोनवर तो परिच्छेद मराठीत करून ऐकवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसऱ्या खेपेला सगळ्या गोळ्या घेतल्या मी. ते लिहिलंस ना?"

लिहिलं होतं.