दंड साडेनऊ

माझ्या मापाच्या वहीत एक पान माझं स्वतःचं आहे. १ ऑगस्ट २०२२: छाती ३९, कंबर ३६, दंड साडेबारा. त्याच्याखाली ५ ऑक्टोबर, दसऱ्याचा दिवस: छाती ३५, कंबर ३१, दंड १०. मधले नऊ आठवडे मी काय खाल्लं ते वहीत लिहिलेलं नाही. ते आज लिहायचंय.

मी मिरजेत ब्लाउज शिवते, सतरा वर्षं झाली. त्या वर्षी भाचीचं लग्न डिसेंबरात ठरलं. माझं वजन तेव्हा ७१ किलो, उंची पाच फूट एक इंच. जिना चढताना गुडघे दुखायचे, वडिलांना डायबेटिस आहे, त्यामुळे वजन उतरवा असं डॉक्टरही सांगत होते. उतरवायचं ठरवलं त्यात काही चूक नव्हती. पण एका ओळखीच्या बाईंनी मोबाइलवर एक तक्ता पाठवला आणि मी कुणालाही न विचारता तो धरला. सकाळी लिंबूपाणी आणि सफरचंद, दुपारी काकडी आणि वाटीभर मूग, रात्री भोपळ्याचं सूप. पुढे एका आहारतज्ज्ञ ताईंनी त्याचा हिशोब मांडला तेव्हा दिवसाचा आकडा जेमतेम पाचशे कॅलरींवर आला.

श्रावण चालू होता. सोमवार, शनिवार, मध्ये एकादशी. आपल्याकडे बाई जेवली नाही तर कुणी 'का' म्हणून विचारत नाही. उलट सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, "आमची यंदा फार कडक करते हो श्रावण." मीही त्यांना खरं सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. यातलं बरंचसं पाणी होतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. खाणं तुटलं की शरीर आधी लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठवलेली साखर काढतं, आणि त्या साखरेनं धरून ठेवलेलं पाणी तिच्याबरोबर निघून जातं. मग चरबी जाते, आणि प्रथिनं पुरेशी मिळत नसली की स्नायूही जातो. काट्यावर सगळं एकच दिसतं.

मला ते दिसलं कात्रीत. सप्टेंबरात अस्तराचे चार पदर एकत्र कापायला घेतले आणि कात्री मुंढ्याच्या वळणावर थांबली. मला वाटलं धार गेली. धार लावून आणली, तरी थांबली. डाव्या हातानं उजवं मनगट धरून मी ते कापड कापलं. त्याच आठवड्यात तीन गिऱ्हाईक बायका म्हणाल्या, "काय बारीक झालात हो!" माझ्या डोक्यात कात्री राहिली नाही, त्या बायकांचं वाक्य राहिलं.

बाकीही होत होतं. पंखा लावला की हुडहुडी भरायची, मुलगा म्हणायचा, "आई, एवढं उकडतंय आणि तू शाल घेऊन बसलीस?" पोट साफ होत नव्हतं. कुणी काही बोललं की रडू यायचं. रात्री एक-एक वाजेपर्यंत मी मोबाइलवर पुरणपोळ्या, बिर्याणी, काय काय करतानाचे व्हिडिओ बघत बसायची, जे मी करणारही नव्हते आणि खाणारही नव्हते. सप्टेंबरची पाळी आली नाही. ऑक्टोबरचीही नाही. छत्तिसाव्या वर्षी हे असं का, हा प्रश्न मनात यायचा आणि मी तो बाजूला सारायची, कारण दसऱ्याला काटा ५७ दाखवत होता.

दिवाळीत मी ठरवून खाल्लं. दोन चकल्या, एक करंजी, थोडा चिवडा. त्या रात्री अडीचला उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं की श्वास आत घेता येईना. कळ मागे पाठीत, वर उजव्या खांद्यापर्यंत. आधी ॲसिडिटीची गोळी मिळाली. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. मग सोनोग्राफी. करणाऱ्या मॅडमनी यंत्र पोटावर फिरवताफिरवता विचारलं, "अलीकडे वजन भराभर कमी झालंय का?" मी अभिमानानं हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. पित्ताशयात खडे होते, एक नळीच्या तोंडाशी.

सर्जन डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. चरबी वेगानं वितळते तेव्हा लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. दुसरीकडे, जेवणात स्निग्ध काही नसलं की पित्ताशय आकसतच नाही, ते पित्त तिथेच साचून घट्ट होतं, त्यात आधी बारीक कण आणि मग खडे. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन जायला लागलं की हा धोका बराच वाढतो. मी नऊ आठवड्यांत चौदा किलो उतरवले होते. दिवाळीत तळकट पोटात गेल्यावर पित्ताशय इतक्या दिवसांनी जोरात आकसलं आणि खडा तोंडाशी अडकला. नोव्हेंबरात दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताशयच काढावं लागलं.

आणि मग केस. भाचीच्या हळदीच्या दिवशी विंचरताना कंगवा भरून आला, बेसिनमध्ये गोळा झाला. मी आजारपणाला, औषधांना दोष दिला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीरावर असा ताण आला की केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे जे श्रावण-भाद्रपदात केलं ते मार्गशीर्षात दिसलं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. कौतुक दुसऱ्याच आठवड्यात मिळतं. खडे, केस, पाळी यांची गाठ पडेपर्यंत अडीच-तीन महिने जातात, आणि तोवर त्याचा त्या तक्त्याशी संबंध कुणी जोडत नाही. तो पाठवणाऱ्या बाईही नाही. त्या आजही सांगतात की त्यांच्या तक्त्यानं माझे चौदा किलो गेले.

आहारतज्ज्ञ ताईंकडून मला एका जुन्या प्रयोगाबद्दल कळलं आणि मग मी त्यावर मिळेल ते वाचलं. १९४४च्या नोव्हेंबरात, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुण घेतले. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेली मुलं, स्वखुशीनं आलेली. युरोपात उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे शोधायचं होतं. आधी तीन महिने त्यांना नीट खायला घातलं, मग चोवीस आठवडे साधारण निम्मं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन सुमारे चतुर्थांश उतरलं. त्यांची नाडी मंदावली, घोटे सुजले, केस गळले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची. हे वाचताना मला माझा रात्री एकचा मोबाइल आठवला आणि मी थोडा वेळ पुढे वाचूच शकले नाही.

त्या प्रयोगात अर्धपोटी ठेवणं म्हणजे दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी. ते पुरुष होते, माझ्याहून उंच, खूप चालणारे, हे खरंच. पण बसून काम करणाऱ्या भारतीय बाईला दिवसाला १,६६० कॅलरी लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात आहे. माझा तक्ता त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा होता. आठशेच्या खालचा आहार डॉक्टर काही रुग्णांना देतात, पण तो ठरावीक दिवसांसाठी, पूरक औषधं देऊन, रक्त तपासत राहून. कारण पोटॅशियमसारखे क्षार घसरले की हृदयाचे ठोके बिघडतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत नुसत्या द्रवरूप प्रथिनांवर, तीन-चारशे कॅलरींवर राहण्याचं वेड आलं होतं. त्यात ५०हून जास्त माणसं गेली, बरीचशी तरुण बायका, आणि काही अचानक, हृदय बंद पडून.

आता माझं वजन ६४ आहे. ऑपरेशननंतर बरंच परत वाढलं होतं, ते भाकरी-भाजी-आमटी खाऊन, महिन्याला किलो-दीड किलोनं उतरलं. पाळी पाच महिन्यांनी रुळावर आली.

गेल्या एप्रिलमध्ये एक नवरी मुलगी ट्रायलला आली. पाच आठवड्यांपूर्वी मी तिचा दंड अकरा लिहिला होता. टेप लावला तर साडेनऊ. मुंढ्याला कापड लोंबत होतं, गळ्याची हाडं वर आलेली. आई हरखून म्हणाली, "ताई, सगळं आत घ्या, अजून पंधरा दिवस आहेत, अजून उतरेल ती."

मी आईंना समोरच्या दुकानात फॉल बघायला पाठवलं. पडदा ओढला आणि विचारलं, "बाळ, पाळी येते का तुझी?"

ती आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "दोन महिने नाही आली, काकू. जिना चढले की डोळ्यांसमोर अंधारी येते. आईला सांगू नका." दिवसभरात दोन अंडी आणि काळी कॉफी, एवढंच चाललं होतं. मी तिला माझी वही दाखवली, ते पान. पोटावरच्या चार खुणाही दाखवल्या. आणि सांगितलं की हे आईला तू सांगणार नसशील तर मी सांगेन, कारण आज संध्याकाळीच तुझं रक्त तपासायला हवं. आई परत आल्यावर तिनंच सांगितलं. मायलेकी तिथेच, कापडाच्या ढिगाऱ्यावर बसून रडल्या. त्या संध्याकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन दोन्ही कमी निघालं.

तिचा ब्लाउज मी आत घेतला नाही. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया तशीच ठेवली आणि वरून फक्त कच्चा धावदोरा घातला. लग्नाच्या चार दिवस आधी ती एकटी आली, म्हणाली, "काकू, दंडाला घट्ट होतोय." मी कच्चा टाका उसवला आणि नवी टीप मारली, दंड साडेदहा.