क्लॉडिअसची मान मोकळी झाली, पंचाईत वाढली

मागच्या वेळी छातीठोकपणे लिहिलं होतं की रोमन सम्राट क्लॉडिअसचा हा मिनर्व्हावाला अ‍ॅस (मागे मिनर्व्हा देवी असलेलं तांब्याचं नाणं) आरआयसी ११६ आहे, म्हणजे 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या सूचीतला ११६ नंबर. शब्द मागे घेतो.

अकरा आठवडे डिस्टिल्ड पाण्यात ठेवल्यावर शनिवारी मानेमागचा थर एकदाचा हलला. बांबूची टूथपिक, १५ नंबरचं पातं, वीसपट भिंग. (पितळी ब्रश मी कधीच टाकून दिला, तो घाणीआधी पाटिना, म्हणजे धातूवर काळाने चढलेला रंगाचा पापुद्रा, खातो.) लेख 'टीआर पी आयएमपी' (सम्राटाच्या पदव्यांची लघुरूपं) इथपर्यंत स्वच्छ निघाला, आणि पुढे ११६वर असतं ते पी पी (लॅटिनमधल्या 'राष्ट्रपिता'ची आद्याक्षरं) असायला हवं तिथे कोरी जागा! झिजलंय म्हणावं तर शेजारचा पी ठणठणीत आहे. म्हणजे क्लॉडिअसने इ. स. ४२च्या जानेवारीत 'राष्ट्रपिता' ही पदवी घेतली त्याआधीचा लेख, आरआयसी १००. अर्धा तास मी जमिनीवर नव्हतो.

मग वजन केलं. थरासकट ९.१ भरत होतं, आता ७.४ ग्रॅम. रोमच्या टांकसाळीतला अ‍ॅस दहा-अकरा तरी भरायला हवा. मिनर्व्हाकडे नीट पाहिलं तर भाला म्हणजे नुसती काडी, ढाल म्हणजे पोळपाट, आणि गुडघा भलत्याच जागी. ठशांचा कोनही (पुढची बाजू सरळ धरली तर मागचं चित्र किती फिरलेलं ते) घड्याळात नऊ वाजल्यासारखा. रोमचा साधारण सहावर असतो.

तर ही नक्कल. इ. स. ४३च्या स्वारीनंतर ब्रिटनमध्ये फौजा आल्या, पण सुटे पुरेसे आले नाहीत. पुढचा सम्राट नीरो यानेही तांब्या-पितळेची नाणी ६०च्या दशकातच पाडायला घेतली. मधली वर्षं इथल्याच कारागिरांनी निभावली, आणि त्यांच्यापुढचे नमुने बहुतेक पी पी नसलेलेच होते. त्यामुळे मानेमागची कोरी जागा तारीख सांगतेच असं नाही. ज्या पुराव्यावर मी नाचत होतो, तोच फुसका! पण खरं सांगू? इथे इंग्लंडात बसून मला आता हे नाणं रोमवाल्यापेक्षा जास्त आवडायला लागलंय.

एवढं लिहून फोटोसाठी नाणं उलटं केलं, तर मागच्या एससी ('सिनेटच्या ठरावाने') या अक्षरांमधल्या सीच्या पोटात फिकट हिरवा ठिपका. सुई लावली, भुकटी पडली. ब्राँझ डिसीज, म्हणजे क्लोराइडमुळे नाणं पोखरत जाणारा गंज. (नावात ब्राँझ, अ‍ॅस तांब्याचा, सेस्टर्शियस हे मोठं नाणं पितळेचं.) आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कळकलंय ते, चिंच लाव, लख्ख निघेल." लख्ख निघेलच, पाटिनासकट.

क्लोराइड धुऊन काढायला सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात बुडवायचं ठरवलं होतं, पण त्यात आठवडे जातात आणि रंग बदलायची भीती. त्यापेक्षा ठिपका भिंगाखाली कोरून काढतो, नाणं खडखडीत वाळवतो, मग ३ टक्के बीटीए (बेंझोट्रायाझोल, गंज रोखणारं रसायन) अल्कोहोलमध्ये. हातमोजे विसरू नका, ते विषारी आहे. वर रेनेसान्स वॅक्स, म्हणजे संरक्षक मेणाचा हात. महाग आहे, पण पर्याय वापरून पस्तावलोय. तोवर सिलिका जेलच्या डबीत, आर्द्रता चाळिसाच्या खाली.

त्याच लॉटमधला अग्रिप्पाचा (सम्राट ऑगस्टसचा सेनापती) अ‍ॅस, मागे नेपच्यून देव असलेला, पुढच्या वेळी दाखवणार होतो. विक्रेत्याने 'वाळवंटी पाटिना' म्हणून खपवलेली माती पाण्यात पडताच डिंकासारखी सुटली, तेव्हा त्याच्याकडून पुन्हा खरेदी नाही. आणि आत्ता सुचलं, तोही आधी तराजूवर ठेवायला हवा. क्लॉडिअसच्या आधीचा सम्राट कॅलिग्युला, त्याच्या काळातला म्हणून घेतलाय खरा, पण अग्रिप्पाच्याही नकला होत्याच की.

ठेवला. ८.२.